सिंधूबाईचा राहिलेला घास

आमच्या गल्लीत कुणी गेलं की आधी रडण्याचा आवाज येतो आणि थोड्या वेळानं सिंधूबाईच्या घरातून भाकरी थापल्याचा. हे दोन आवाज ऐकतच मी मोठा झालो, आणि आता माझे केसही पिकले. पहिल्या आवाजानं माणूस हलतो. दुसऱ्यानं तो पुन्हा जागेवर बसतो. गल्लीत निजलेलं कुत्रंसुद्धा त्या दुसऱ्या आवाजाला मान वर करून बघतं आणि परत निजतं.

आखाडा बाळापूर हे रस्त्यावरचं गाव आहे. नांदेडकडं जाणाऱ्या गाड्या थांबतात, माणसं चहा पितात, निघून जातात. त्यांना बाजार दिसतो, आमची गल्ली दिसत नाही. ती बाजाराच्या पाठीमागं आहे. एका अंगाला मेंढरंवाल्यांची घरं, दुसऱ्या अंगाला मुसलमानांची, आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. सिंधूबाईचं घर पहिल्या अंगाचं शेवटचं. गल्ली तिथं वळते, त्यामुळं तिच्या न्हाणीची भिंत आणि दुसऱ्या अंगाच्या मदीनाबीच्या चुलीची भिंत एकच आहे. एकीनं तवा ठेवला की दुसरीला कळतं.

ज्या घरातलं माणूस जातं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. अग्नी देऊन किंवा माती देऊन माणसं परत आली की शेजारचं कुणी भाकर आणि पिठलं घेऊन येतं. येतं, खाली बसतं, आणि जे माणूस जास्त तुटलेलं असेल त्याच्या तोंडात आपल्या हातानं पहिला घास घालतं. त्याला आम्ही कडू घास म्हणतो. मदीनाबीच्या घरात त्यालाच कडवी रोटी म्हणतात. नाव कडू असलं तरी त्यात कडू काही नसतं. ज्वारीची भाकर असते आणि बिनफोडणीचं पिठलं. फोडणीचा वास सुखाच्या घरचा, म्हणून फोडणी नाही. त्याचे नेम फार नाहीत. तो घास आपल्या हातानं खायचा नाही. बसून खायचा. तोंडात गेलेला थुंकायचा नाही. तो एकदाच असतो, दुसऱ्यांदा भरवलं तर ते नुसतं जेवण. आणि उरलेली भाकर टोपलीत घालून माघारी न्यायची नाही.

गावात हे काम कुणीही करायचं. पण सिंधूबाई लग्न होऊन आली आणि हळूहळू ते तिचंच झालं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावतही नव्हतं. मुसलमानाच्या घरात ती पहिल्यांदा टोपली घेऊन गेली तेव्हा दोन्हीकडची काही तोंडं वाकडी झाली होती. मदीनाबीची सासू गेली होती तेव्हाची ही गोष्ट. मदीनाबी नवी सून, तिचं रडणं थांबत नव्हतं. सिंधूबाई तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "रडताना तोंड उघडंच हाय तुझं. तेवढ्यात एक घास घे." रडता रडता मदीनाबीला हसू फुटलं, आणि घास आत गेला. त्या दिवसापासून दोघी मैत्रिणी.

सिंधूबाई उंच, वाळलेली, आणि जिभेची तिखट. किसनरावांची बायको गेली तेव्हा ते खायला तयार होईनात. सगळे विनवत होते. सिंधूबाई म्हणाली, "खा. किती उपाशी ऱ्हायलात म्हणून ती वर बसून मोजून राहिली का? जिती होती तवा ताट वाढून वाट बघत बसवायचात तिला." किसनरावांनी मुकाट तोंड उघडलं. गल्लीत कुणी तिच्याशी भांडलं तर ती एवढंच म्हणायची, "बोल बाबा बोल, माझी टोपली तुझ्याबी दारात यायची हाय." भांडण तिथंच संपायचं.

तिचा नवरा मुंजाजी मेंढरामागं फिरणारा माणूस. कमी बोलायचा. त्याच्या वाट्याचंही तीच बोलायची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. खोकला झाला, गाडीत घालून नेला, आणि मग फोन आला. त्याला गावात आणलंच नाही. तिकडंच कुणीतरी प्लास्टिकात गुंडाळून जाळला. एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत, त्याला निघता आलं नाही. सिंधूबाईच्या दारासमोर बांबू बांधला होता आणि वर कागद चिकटवला होता.

तिनं चूल पेटवली नाही. ती वाट बघत बसली.

त्या दिवशी आमच्या गल्लीत भाकरी थापल्याचा आवाज आला नाही. माणसं भ्यालेली होती. मदीनाबीच्या घरात तर धाकटा साजीद दाराला आडवा उभा होता, "अम्मी, बाहर पाऊल टाकलं तर बघ." त्याचंही चूक नव्हतं, त्याच्या घरात तान्हं लेकरू होतं. कोतवालानं बांबूपलीकडून पिठाची पिशवी सरकवली. पीठ आलं, घास आला नाही. दुसऱ्या दिवशी मेंढरं ओरडायला लागली तेव्हा सिंधूबाई उठली. तिनं आपली चूल आपणच पेटवली, भाकर केली, ती कुत्र्याला घातली, आणि पाणी पिऊन मेंढरं सोडली.

तिनं कुणाला बोल लावला नाही. बांबू सुटला, गाव पुन्हा चालू झालं, माणसं पुन्हा साध्या दुखण्यानं मरायला लागली, आणि तिची टोपली पुन्हा निघाली. फक्त एक झालं. कुणी म्हटलं, सिंधूबाई, फार वाळलीस गं, तर ती म्हणायची, "माझा घास राह्यलाय." म्हणायची आणि हसायची. ऐकणाराही हसायचा. मदीनाबी मात्र तिथं असली तर हसायची नाही.

सिंधूबाईची भाची दिपाली पुण्यात शिकते. कॅमेऱ्याचं शिक्षण आहे. तिच्याकडं मुंजाजीची जुनी, फोनवर काढलेली चालती-बोलती चित्रं होती, मेंढरं हाकतानाची. त्यांत तिनं आत्याच्या टोपलीची चित्रं घातली आणि एक छोटी फिल्म केली, भाकर भाजून होते तेवढ्या वेळात संपणारी. ती हिंगोलीच्या एका महोत्सवात निवडली गेली. महोत्सव भरवणारा शिवशंकर मूळचा हिंगोलीचाच, पुण्याला राहून आलेला. चांगला मुलगा. दिपालीला घेऊन तो स्वतः गावात आला. मी तेव्हा सिंधूबाईच्या ओट्यावर बसलो होतो, ती सुपात तूर निवडत होती.

"काकू, आमच्याकडं सहा चवींच्या सहा फिल्मा हायेत," शिवशंकर म्हणाला. "फिल्म बघायची आणि लगेच तिची चव घ्यायची. गोड सापडली, आंबट सापडली, तिखट तर ढीगभर आल्या. कडू काही केल्या सापडत नव्हती. आणि मग दिपालीची आली. कडू घास! आमचे सहा पूर्ण झाले."

"आत्या, मामाला एवढा मोठा बघशील तू," दिपालीनं दोन्ही हात पसरले. "ह्या भिंतीएवढा."

"बोलतो का त्यात?"

"बोलतोय की. आपल्याच आवाजात."

सिंधूबाई तुरीतले खडे वेचत राहिली. शिवशंकर म्हणाला, "फिल्म संपली की बसल्या जागी सगळ्यांना कडू घास द्यायचा. हॉल भरून माणसं असतात, काकू."

सुपावरचा हात थांबला. "कुणाचा?"

"म्हणजे?"

"कडू घास कुणाचा?"

शिवशंकर हसला. "तुमचाच की, काकू. फिल्म मुंजाजीकाकांची, घास तुमचा."

सिंधूबाईनं सूप खाली ठेवलं.  मग तिनं विचारलं, "बसून खातेत ना समदे? कडू घास उभ्यानं खात न्हाईत."

"बसूनच. खुर्च्या हायेत."

"मंग येते."

ते दोघं गेल्यावर ती मला म्हणाली, "तूबी चल. गल्लीतला एक गडीमाणूस पाहिजे. मुंजाजीचा घास हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी म्हणालो, "सिंधूबाई, ते सिनेमावाले हायेत. त्यांचा कार्यक्रम हाय तो. आपल्यासारखं नसतंय ते."

"सिनेमा तं सिनेमा. माणसं बसणार हायेत ना? मुंजाजीचं तोंड बघणार हायेत ना? आन मयताला येतेत ती तरी समदी मनातून येतेत का? घास तेवढा मनातून पाहिजे. तो मी बघते."

ती उठली आणि न्हाणीच्या भिंतीशी गेली. मी ओट्यावरच होतो, मला सगळं ऐकू आलं.

"मदीना, आयकतीस का? ऐतवारी हिंगोलीला यायचं. रांधायचं हाय."

"क्या रांधायचं गं?"

"कडू घास."

"या अल्ला. कोण गेलं?"

"मुंजाजी."

भिंतीपलीकडं तवा खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"माझ्या घरचा हाय, मला रांधता येत न्हाई," सिंधूबाई म्हणाली. "तुला यील का?"

"मी करती," मदीनाबी म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, "मीच करती."

ऐतवारी जीप आली. सिंधूबाई कोणताही दागिना न घालता, जुनं पण धुतलेलं लुगडं नेसून निघाली. मदीनाबीच्या मांडीवर परात, परातीत ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, आणि वर पांढरा कपडा. तिचा नवरा चाँद पाशा, गाद्या भरणारा, दारात उभा होता. तो म्हणाला, "पिठाला ऊन लागू देऊ नको." एरवी तो तिला असलं काही सांगत नाही.  कळमनुरी मागं पडलं, कयाधूवरचा पूल गेला. दोघींच्या तोंडावर एक उजेड होता. पुष्कळ दिवसांचं अडलेलं काम आज होणार, असा.

महोत्सव एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच होत्या. आत पडदा, खुर्च्या. दारात मुलं-मुली उभी. येणाऱ्याच्या मनगटाला हिरव्या कागदाची पट्टी बांधायची, पट्टी असेल त्याला चव मिळायची. सिंधूबाईला पट्टी बांधली, मलाही बांधली. मदीनाबीला नाही. "मावशी स्वयंपाकाच्या ना? तुम्ही मागून."

मागं गॅसच्या मोठ्या शेगड्या होत्या. मदीनाबीनं तीन विटा मागितल्या आणि लाकडं मागितली. तिथला मुख्य आचारी सुरज म्हणून एक तरुण होता, पांढऱ्या कोटातला, हॉटेलचं शिक्षण घेतलेला. त्यानं हौसेनं सगळं आणून दिलं, फुंकणीही शोधून आणली. बोलायला गोड मुलगा. मी पाणी भरून दिलं. मदीनाबीनं ओढणी कानामागं खोचली आणि भाकरी थापायला बसली. तो आवाज मी आयुष्यभर भिंतीआडून ऐकला होता, हात सिंधूबाईचे असायचे. आज हात दुसरे होते. पण ताल तोच होता.

पिठलं झालं. सुरजनं बोटावर घेऊन चाखलं.

"मावशी, छान. पण ह्यात कडू कुठं आहे?"

"कडू नसतंय बाबा."

"नाव कडू घास आहे ना?"

"नाव हाय. चव न्हाई."

तो जरा गोंधळला. मग समजावून सांगायला लागला. "असं बघा. लोक गोड खाऊन झालेत, आंबट, तिखट सगळं झालंय. शेवटची चव कडू. पत्रिकेत छापलंय. जिभेला कडू लागलं नाही तर ते म्हणतील आम्हाला फसवलं." त्याच्यामागं टेबलावर कारल्याच्या चकत्या तळून ठेवलेल्या होत्या, पातळ, कुरकुरीत. वाटीभर मेथ्याची पूड होती. त्यानं मदीनाबीच्या भाकरी घेतल्या, स्टीलच्या वाटीनं त्यांचे रुपयाएवढे गोल काढले, आणि कढल्यात तेल ओतलं.

"अरे, फोडणी नको," मदीनाबी उठूनच उभी राहिली. "इसमें फोडणी नसती बेटा."

"मावशी, रंग यायला पाहिजे. फोटो काढतात लोक."

मोहरी तडतडली. तेवढ्यात एक मुलगी पळत आली, कडूची फिल्म लागतेय म्हणाली. मी आत निघालो. जाताना पाहिलं तर मदीनाबीनं एक भाकर आणि वाटीत वेगळं काढलेलं पिठलं कपड्यात बांधून ओढणीखाली घेतलं होतं. तिनं मला डोळ्यानंच सांगितलं, तू हो पुढं, मी येते.

सिंधूबाई पहिल्या रांगेत होती. मी तिच्या शेजारी बसलो. अंधार झाला आणि पडद्यावर आमचं माळरान आलं. माळरानावर मेंढरं, आणि मेंढरांमागं मुंजाजी. भिंतीएवढा. त्याच्या घोंगडीचे सुटलेले धागेसुद्धा दिसत होते. तो वळला, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आगं बंद कर ते. माझं काय काढतीस, मेंढराचं काढ."

हॉलमधली माणसं हसली. सिंधूबाईही हसली. हसता हसता तिनं माझा हात धरला, आणि फिल्म संपेपर्यंत सोडला नाही.

मग टोपली आली. गल्ली आली. बंद दारं आली. शेवटी सिंधूबाईच आली, ओट्यावर बसलेली, आणि म्हणाली, "माझा घास राह्यलाय." तिथं फिल्म संपली. त्याच वेळी मागून फोडणीचा वास हॉलमध्ये शिरला. सिंधूबाईनं नाक वर केलं. तिच्या कपाळाला आठी पडली, पण ती काही बोलली नाही.

दिवे लागले. टाळ्या फार पडल्या. सिंधूबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घातली, हात मांडीत ठेवले आणि मान खाली घातली. मयताच्या घरात बाई बसते तशी बसली. कुणी घास घेऊन येईल म्हणून. रांगांमधून तबकं फिरायला लागली होती. तबकात पानाचे छोटे द्रोण, द्रोणात भाकरीचा गोल, वर पिवळं पिठलं, वर कारल्याची चकती उभी खोवलेली.

सूत्रसंचालन करणारी मुलगी माईकवर म्हणाली, "आणि आता मंचावर येतायत आपल्या कडू घासाच्या सिंधूआजी!"

दिपाली धावत आली. "आत्या, चल."

"इथंच दे म्हणावं. घास घेताना उठायचं नसतंय."

"दोनच मिन्टं गं आत्या. समदे बघून राहिलेत." दिपालीच्या डोळ्यात पाणी होतं, आनंदाचं. तिचा आयुष्यातला पहिला मंच होता तो. सिंधूबाईनं तिच्याकडं बघितलं, आणि उठली.

वर उजेड फार होता. त्या मुलीनं विचारलं, "आजी, कशी वाटली फिल्म?"

"माणूस बराबर दिसला."

टाळ्या. "आणि आता सगळ्यांच्या आधी पहिला घास आजी घेणार, स्वतःच्या हातानं!" तिनं द्रोण पुढं केला.

सिंधूबाईनं दोन्ही हात मागं घेतले. "माझ्या हातानं न्हाई."

"अय्या! आजी लाजल्या!"

हॉल हसला. शिवशंकर खालून हातानं खूण करत होता, जाऊ द्या, राहू द्या अशी. पण ती मुलगी त्याच्याकडं बघत नव्हती. तेवढ्यात बाजूच्या दारात मदीनाबी दिसली. ओढणीखाली हात. दारातला एक पोरगा तिला अडवत होता, पट्टी विचारत होता. मी उठलो, खुर्च्यांतून वाट काढायला लागलो. सिंधूबाईलाही ती दिसली असावी, कारण तिनं मान वर केली आणि हाक मारायला तोंड उघडलं.

"मदी..."

"मग आम्ही भरवतो आजींना!" ती मुलगी म्हणाली, आणि वाढदिवसाचा केक भरवतात तसा चमचा सिंधूबाईच्या तोंडात घातला.

फोनचे उजेड चमकले. सिंधूबाई तशीच उभी. गाल फुगलेला. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. वाटलं, थुंकेल. मग तिचं तोंड हळूहळू हलायला लागलं. तिनं चावलं. तळलेल्या कारल्याचा आवाज माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू आला. तिनं गिळलं.

"कडू आहे ना, आजी?"

"व्हय," सिंधूबाई म्हणाली. "कडू हाय."

त्या दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या पडल्या. मग सगळ्यांनी आपापले द्रोण तोंडाला लावले. कडू लागलं की तोंड कसं होतं त्याचे फोटो काढत होते एकमेकांचे. लहान लेकरं जिभा बाहेर काढून दाखवत होती. एक गृहस्थ मला म्हणाले, "अप्रतिम कल्पना आहे."

मदीनाबी खुर्च्यांच्या कडेनं आली तेव्हा सिंधूबाई मंचाच्या पायरीवर बसली होती. मदीनाबी तिच्यासमोर जमिनीवर बसली. कपडा सोडला, भाकर मोडली, पिठल्यात बुडवली.

"सिंधू, तोंड उघड."

"माझा घास झाला."

"वो घास नव्हता गं. तमाशा था."

"तोंडात गेला, मी गिळला. झाला."

"मी आणलाय, सिंधू." तिचा हात तसाच पुढं होता, पिठलं बोटावरून ओघळत होतं. "मेरे हाथ का है. बिनफोडणीचा."

"मुंजाजी गेला तवा आणायचा." सिंधूबाईचा आवाज चढला नव्हता. "भितीपल्याड कांदा तळत होतीस तू. मला वास येत होता. एक दिस, एक रात मी तुझ्या भितीला कान लावून बसले होते, आता पीठ मळंल, आता थापंल. कधी म्हणलं का तुला?"

"साजीद सोडत नव्हता..."

"मला ठाव हाय. म्हणून तं म्हणलं न्हाई. आज तुला बोलावलं ते तुझ्या हातचा घास घ्यायलाच बोलावलं." मग त्या मंचावरच्या मुलीकडं बघून ती म्हणाली, "नाव न गाव त्या पोरीचं. पर ती बराबर येळेवर आली."

मदीनाबीचा हात खाली आला.

परतताना जीपमध्ये दिपाली नव्हती, तिची पुण्याची गाडी होती. तिला शाल आणि लाकडी मानचिन्ह मिळालं होतं, आत्याच्या पाया पडून ती गेली. तिला काही कळलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. मदीनाबीच्या मांडीवर परात आणि परातीत ती मोडलेली भाकर, पिठल्याची वाटी. उरलेली भाकर गावात न्यायची नसते. बाळापूर जवळ आलं तसं तिनं जीप थांबवायला लावली. उतरली, हळदीच्या शेताच्या बांधावर भाकर ठेवली, पिठलं ठेवलं, आणि वाटी मातीनं घासून घेतली. सिंधूबाई जीपमध्येच बसून होती, दुसऱ्या बाजूला तोंड करून.

नंतर कुणीतरी मंचावरचा तो तुकडा मोबाइलवर टाकला. महिनाभर गल्लीतली लेकरं एकमेकांना काहीही भरवायची आणि मान हलवून म्हणायची, "व्हय, कडू हाय." सिंधूबाई ऐकायची आणि पुढं जायची. पूर्वीची सिंधूबाई असती तर टोपलीचं नाव काढून त्यांना पळवलं असतं. "माझा घास राह्यलाय" हेही ती आता म्हणत नाही. राहिलाच नाही, तर म्हणणार काय.

दिवाळीनंतर चाँद पाशा गेला. गादी शिवता शिवताच गेला, सुई कापडात होती. माती देऊन आम्ही परत आलो आणि मदीनाबीच्या ओट्यावर बसलो. साजीद पाणी देत होता. मी कान लावून होतो. खरं सांगायचं तर सगळेच कान लावून होते, सगळ्यात जास्त आतल्या कोपऱ्यात बसलेली मदीनाबी.

भाकरी थापल्याचा आवाज आला.

सिंधूबाई टोपली घेऊन आली तेव्हा बायांनी वाट दिली. ती मदीनाबीसमोर बसली. टोपलीवरचं फडकं काढलं, भाकर मोडली, पिठल्यात बुडवली. मदीनाबीनं मान वर केली आणि डोळे मिटून तोंड उघडलं.

सिंधूबाईचा हात उठला. दोघींच्या मध्ये येऊन थांबला. किती वेळ थांबला कुणास ठाऊक.  मग तिनं तो तुकडा परत ताटात ठेवला आणि ताट मदीनाबीपुढं सारलं.

"खाय," ती म्हणाली.

मदीनाबीनं डोळे उघडले. ताटाकडं बघितलं. थोड्या वेळानं आपला हात पुढं केला आणि आपल्याच हातानं खाल्लं. सिंधूबाई समोर बसून राहिली. तिनं पाणी दिलं, अजून पिठलं वाढलं, ताट संपेपर्यंत हलली नाही. भाकर एकही उरली नाही.

बाहेर नळावर ती टोपली धूत होती. मी जवळ गेलो आणि विचारलं, "काहून भरवला न्हाईस गं?"

ती टोपलीच्या कडेत अडकलेलं पीठ नखानं काढत होती.

"म्या नेला होता रे हात," ती म्हणाली. "त्यो गेला न्हाई."

तिनं टोपली भिंतीवर पालथी घातली. तीच भिंत, दोघींची. आणि मेंढरं सोडायला गेली.